स्थावर, जंगम

उद्या दहाला पेपर, मडगावला. आता साडेअकरा,
आणि पंचवाडीत अजून वीज आहे, म्हणजे नशीबच.
फ्लाविया मॅडमच्या वहीत चोरीला पाच पाय आहेत:
हेतू अप्रामाणिक,
वस्तू जंगम,
ताबा दुसऱ्याचा,
त्याची संमती नाही,
आणि वस्तू हलली पाहिजे, बोटभर का होईना.
जुन्या पुस्तकात कलम तीनशे अठ्ठ्याहत्तर, नव्यात तीनशे तीन.
मी जुना आकडा खोडते. तो खालून दिसत राहतो.

बाबा पायरीवर कोयता घासतोय.
"मोठ्यानं वाच गो. मलाही कळेल असं."

वाचते. कुत्र्याला आमिष दाखवून मागोमाग नेलं,
तर तो चालू लागला त्या क्षणी चोरी पुरी झाली.
बाबा हसतो. "भाटकाराचा मोती
आमिषाशिवाय माझ्यामागं यायचा.
त्याचं काय?"
मॅडमनी ते दिलेलं नाही.

पुढं वाचते. जमिनीला धरून आहे
तोवर झाड, झाडाचं फळ, स्थावर.
ते चोरता येत नाही.
तोडलं की जंगम. आता येतं.

घासणं थांबतं.
"म्हणजे माझा धंदाच तो.
चाळीस वर्षं
माडावर चढून स्थावराचं जंगम करतोय,
माडाला शंभर रुपये."
छातीवरचे घट्टे तो खाजवतो, उगाच.

मग ती ओळ येते, जिच्याखाली मी दोनदा रेघ मारलीय:
आपलीच आहे असं मनापासून समजून नेली,
समज चुकीची असली तरी,
चोरी होत नाही.

"परत वाच."
परत वाचते.
"त्या वर्षी हे कुणी सांगितलं नाही."

त्या वर्षी मी पोटात होते.
दत्तबाब भाटकारानं वीस नारळांसाठी
त्याला आउटपोस्टवर बसवलं, दोन रात्री.
आई पेज घेऊन चालत गेली.
तेव्हापासून चवथीला
सगळा गाव माटोळीचं सामान रानातून आणतो,
आमची आई बाजारातून,
आंब्याचे टाळेसुद्धा,
दोन शेजारणी सोबत घेऊन, सर्वांसमोर पैसे मोजून.

"कुळागराच्या कडेचे दोन माड
माझ्या बापानं लावलेले. पाणी त्यानं ओतलं.
कागद मात्र भाटकाराच्या नावावर."

मी जवळजवळ उठूनच उभी राहते.
मग ती चोरी नव्हतीच! हक्काचा दावा होता,
हेतू अप्रामाणिक नव्हता, कोर्टात
एका तारखेत पडली असती केस. बाबा, ऐकतोयस?

तो धारेवर अंगठा फिरवतो, आडवा.
"वीसातले बारा त्या माडांचे."

"आणि आठ?"

"आठ शेजारच्या माडाचे."
"अंधारात चुकून पाडले असशील."
"अंधार होता खरा."
बराच वेळ काही नाही. रातकिडे. फ्रिज.
"पण पायांना कळतं गो, चेडवा.
प्रत्येक माडाच्या खाचा वेगळ्या."

नवीन कायद्यात आहे, मी म्हणते, घाईघाईनं,
माल पाच हजारांच्या आतला,
पहिलीच वेळ, वस्तू परत केली,
तर तुरुंग नाही, समाजसेवा.
"परत करायला नारळ कुठं? त्यांची सोलकढी झाली.
तुझे डोहाळे होते ते."
आणि कोयता मुठीकडून माझ्या हातात देऊन
तो झोपायला जातो. खुंटीला मीच लावते.

प्रश्न चौथा. चोरीचे घटक लिहा. दहा गुण.
एक उदाहरण द्या.
मी लिहिलं: अ हा माडावर चढतो.
खोडलं.
मग कुत्रा लिहिला. कुत्र्याला पूर्ण गुण मिळतात.
अर्धं पान उरलं होतं, पंधरा मिनिटंही.
बारा नाही, आठ होय, असं
एकाच माणसाचं करता येतं का,
हे वहीत कुठंच नव्हतं.

खिडकीबाहेर कॉलेजच्या आवारात एक माड.
भरलेला.
कुणीतरी पाडायला हवेत, डोक्यात पडतील कुणाच्या.
सध्या स्थावर.